धूळ खात पडलेल्या कॉम्प्युटरवरून व्हिडिओ कॉल : काय लागतं, किती खर्च, काय सांभाळायचं

पोरांच्या शाळेसाठी घेतलेला आणि पोरं शिकायला बाहेर गेल्यावर कापड टाकून ठेवलेला कॉम्प्युटर बऱ्याच घरांत दिसतो. भंगारात त्याला किंमत येत नाही आणि दुकानदार नवीनच घ्या म्हणतो. पण हाच कॉम्प्युटर हजार-दीड हजार रुपयांत व्हिडिओ कॉलसाठी चालू होऊ शकतो. घरात जुना स्मार्टफोन आणि इअरफोन पडून असेल तर तेवढाही खर्च येत नाही.

त्याला चार गोष्टी लागतात : कॅमेरा, माइक-स्पीकर, नेट आणि कॉल लावणारं ॲप. यात लोक कॅमेऱ्यावर पैसे घालतात आणि आवाजाकडे लक्ष देत नाहीत. चित्र थोडं पुसट आलं तरी बोलणं होतं. आवाज तुटला तर समोर डॉक्टर असो की लेक, कॉल वाया जातो.

मोबाईल असताना कॉम्प्युटर कशाला?

दोघांचं दहा मिनिटांचं बोलणं असेल तर मोबाईल पुरतो. शेतातली कीड दाखवायची असेल तर मोबाईलच बरा, कारण कॉम्प्युटर बांधावर नेता येत नाही. पण म्हाताऱ्या माणसाला बोटभर चेहरा नीट दिसत नाही, फोन धरून हात भरून येतो आणि मध्येच दुसरा फोन वाजतो. डॉक्टरांना पाठीवरचं पुरळ दाखवायचं, बचत गटाच्या दहा बायकांनी एकत्र बसून प्रशिक्षण ऐकायचं, मुलाखत द्यायची, अशा कामांना मोठा पडदा आणि मोकळे हात लागतात. कोर्टातही हे चालतं. व्हिडिओवरून साक्ष घेता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात दिला आहे.

कल्पना जुनीच आहे. अमेरिकेत एटी अँड टी कंपनीने १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात समोरच्याचा चेहरा दाखवणारा फोन मांडला आणि १९७० मध्ये पिट्सबर्ग शहरात त्याची सेवा सुरू केली. ती महाग पडली, लोकांनी घेतली नाही. पुढे १९९४ मध्ये कनेक्टिक्स कंपनीने कॉम्प्युटरला वायरने जोडायचा ‘क्विककॅम’ नावाचा छोटा कॅमेरा काढला. त्याचं चित्र काळं-पांढरं होतं, पण वेगळं यंत्र घ्यायची गरज उरली नाही. असलेल्या कॉम्प्युटरलाच डोळा लावायचा, ही रीत तेव्हापासून रुळली.

आधी कॉम्प्युटर तपासा

वायर काढून डबा उघडा. उंदराने वायरी कुरतडल्या आहेत का बघा आणि पंख्यावरची धूळ कोरड्या ब्रशने झाडा. मग चालू करून पुढच्या गोष्टी पाहा.

रॅम : ४ जीबी असेल तर काम नीट होतं. २ जीबीवर कॉल अडखळतो. जुनी रॅम वाढवता येते, तालुक्याच्या दुरुस्तीवाल्याकडे वापरलेली मिळते.

विंडोज : विंडोज ७ आणि ८ वर क्रोम ब्राउझर २०२३ पासून १०९ व्या आवृत्तीवरच थांबला आहे. त्यामुळे बऱ्याच साइट तिथे कुरकुरतात. विंडोज १० वर कॉल चालतात, पण त्याला मायक्रोसॉफ्टकडून नेहमीची मोफत सुरक्षा १४ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे. अशा कॉम्प्युटरवर कॉल करा, बँकेचे व्यवहार टाळा.

दुसरा मार्ग म्हणजे लिनक्स मिंट. हे पूर्ण मोफत आहे आणि त्याची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती जुन्या यंत्रावर चांगली चालते. फक्त ते टाकताना डिस्क कोरी होते. म्हणून लग्नाचे फोटो, सातबाऱ्याचं स्कॅन, पोरांच्या मार्कलिस्ट आधी पेनड्राइव्हवर काढून घ्या आणि हे काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्या.

तारीख : बरीच वर्षं बंद असलेल्या कॉम्प्युटरमधला छोटा सेल उतरलेला असतो. मग तारीख भलत्याच वर्षाची दिसते आणि ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असं म्हणत साइट उघडतच नाहीत. लोकांना वाटतं नेट गेलं. आधी तारीख-वेळ बरोबर करा. बंद करून चालू केल्यावर पुन्हा बिघडली तर २०३२ नंबरचा सेल बदला. घड्याळाच्या दुकानातही तो मिळतो.

कॅमेरा : विकत किंवा जुन्या फोनचा

लॅपटॉपला कॅमेरा असतोच. डेस्कटॉपला साधा यूएसबी वेबकॅम घ्या. घेताना त्यात माइक आहे का, हे विचारून घ्या. विंडोज १० किंवा पुढचं असेल तर बहुतेक कॅमेरे नुसती पिन लावली की चालू होतात, सीडीची गरज पडत नाही.

विकत घ्यायचा नसेल तर जुना अँड्रॉईड फोन कॅमेरा होतो. काच तडकलेली असली, सिम नसलं तरी चालतं, पण टच चालू हवा. फोनमध्ये आणि कॉम्प्युटरमध्ये दोन्हीकडे ड्रॉइडकॅम किंवा आयरियन यांपैकी एकच ॲप टाका. दोन्ही एकाच वायफायवर असले किंवा यूएसबी केबलने जोडले की फोनचं चित्र कॉम्प्युटरवर येतं. अँड्रॉईड १४ पासून पुढच्या काही फोनांत केबल लावल्यावर यूएसबीच्या पर्यायांतच ‘वेबकॅम’ दिसतं, तिथे ॲपही लागत नाही.

कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला ठेवा, खाली दोन वह्या-पुस्तकं लावली तरी भागतं. खिडकी किंवा दिवा तोंडासमोर असू द्या. उजेड पाठीमागे असला की कितीही महाग कॅमेरा असो, चेहरा काळाच दिसतो.

आवाज : इथेच बहुतेक कॉल फसतात

जुन्या डेस्कटॉपला मागे दोन वेगळी भोकं असतात. हिरवं आवाज ऐकायला आणि गुलाबी माइकला. मोबाईलच्या इअरफोनची पिन मात्र एकच असते. ती हिरव्या भोकात घातली की ऐकू येतं, पण आपलं बोलणं पलीकडे जात नाही. लोक तासभर ‘हॅलो हॅलो’ करत बसतात. यावर उपाय म्हणजे एका पिनेच्या दोन करणारा जोड. तो मोबाईलच्या दुकानात स्वस्तात मिळतो. किंवा सरळ यूएसबी हेडफोन घ्या.

एकाच खोलीत दोन फोन आणि कॉम्प्युटर एकाच कॉलवर असले की आवाज घुमतो, शिट्टी वाजते. खोलीत एकच माइक चालू ठेवा. स्पीकर माइकपासून लांब ठेवा. पंखा, मिक्सर, टीव्ही बंद करा. पत्र्याच्या घरात पाऊस सुरू असेल तर हेडफोनशिवाय पर्याय नाही.

नेट : वायरने जोडा

जुन्या डेस्कटॉपला वायफाय नसतं म्हणून लोक नवा डोंगल घेतात. त्याची गरज नाही. अँड्रॉईड फोन चार्जिंगच्या केबलने कॉम्प्युटरला लावा आणि सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. फोनचं नेट कॉम्प्युटरला मिळतं आणि फोन चार्जही होत राहतो. केबल डेटा जाणारी हवी, नुसती चार्जिंगची चालत नाही. मात्र कॅमेरा आणि नेट ही दोन्ही कामं एकाच फोनवर टाकू नका, फोन तापतो.

डेटा किती जातो? दोघांमधल्या बऱ्या दर्जाच्या व्हिडिओ कॉलला जाताना सेकंदाला ६०० किलोबिट आणि येताना तेवढेच लागतात, असं झूम कंपनी सांगते. हिशेब केला तर तासाला सुमारे ५४० एमबी होतात. रोजच्या दीड जीबीच्या पॅकमधला हा एक तृतीयांशपेक्षा जास्त वाटा आहे. चित्र बंद करून नुसतं बोललं तर तासाला सत्तर एमबीच्या आसपास भागतं. म्हणून रेंज कमी झाली की आधी आपला कॅमेरा बंद करा, आवाज सुधारतो.

लाइटचा भरवसा नसेल तर महत्त्वाचा कॉल लॅपटॉपवर, बॅटरी भरून घ्या. डेस्कटॉपला छोटा यूपीएस असला तरी तो थोडाच वेळ धरतो. तेवढ्यात ‘लाइट गेली, फोनवरून येतो’ एवढंच सांगता येतं.

कोणतं ॲप घ्यावं?

व्हॉट्सॲप : विंडोज १० किंवा पुढच्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधून ॲप टाका आणि फोनमधल्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मधून चौकडीचा कोड स्कॅन करा. घरच्या बोलण्याला हे सगळ्यात सोपं.

गुगल मीट : काही टाकावं लागत नाही, ब्राउझरमध्येच चालतं. मोफत खात्यावर दोघांना वेळेची अडचण येत नाही. तिघे किंवा जास्त असले तर ६० मिनिटांची मर्यादा आहे.

झूम : शाळा, प्रशिक्षण, बैठका यांना जास्त वापरतात. मोफत खात्यावर बैठक ४० मिनिटांनी बंद होते.

यूट्यूबवर अजून बरेच जण स्काइप टाकायला सांगतात. स्काइप मे २०२५ मध्ये बंद झालं आहे, त्यात वेळ घालवू नका.

सगळ्या घराला बसून बघायचं असेल तर कॉम्प्युटर टीव्हीला जोडा. एचडीएमआय केबलने चित्र आणि आवाज दोन्ही जातात. जुन्या निळ्या पिनेच्या व्हीजीए केबलने फक्त चित्र जातं, आवाजाची वायर वेगळी लावावी लागते.

कॉल लागत नाही तेव्हा

चित्र दिसत नसेल तर ब्राउझरमध्ये पत्त्याच्या डावीकडच्या छोट्या चिन्हावर दाबून कॅमेरा आणि माइकला ‘अलाऊ’ करा. तरी नाही आलं तर विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हसी’ खाली कॅमेरा बंद तर नाही ना बघा. कॅमेरा दुसऱ्या ॲपने धरून ठेवला असेल तर ते ॲप बंद करा. काही लॅपटॉपला कॅमेऱ्यावर सरकती झडप असते, तीही पाहा. माइकसाठी ॲपच्या सेटिंगमध्ये योग्य माइक निवडला आहे का तपासा. इतकं करूनही अडलं तर कॉम्प्युटर एकदा बंद करून चालू करा. पहिला कॉल शेजारच्या घरी लावून बघा, डॉक्टरांच्या वेळेवर प्रयोग नको.

डॉक्टरांचा हेलपाटा वाचतो तो असा

ई-संजीवनी ही केंद्र सरकारची मोफत सेवा आहे. घरबसल्या डॉक्टरांशी बोलण्याची सोय त्यात एप्रिल २०२० मध्ये सुरू झाली. साइट ब्राउझरमध्ये उघडायची, मोबाईल नंबर टाकून ओटीपी द्यायचा, माहिती भरायची, नंबर आला की डॉक्टर पडद्यावर येतात. औषधाची चिठ्ठी तिथेच उतरवून घेता येते. आधीचे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं हाताशी ठेवा.

घरी जमत नसेल तर उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना विचारा. ते तिथूनच मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांशी जोडून देतात. साध्या तक्रारीसाठी, चालू औषधाबद्दल विचारायला हे चांगलं आहे. छातीत दुखणं, साप चावणं, बाळंतपणाच्या कळा, जोराचा अपघात यांत कॉलची वाट बघू नका, १०८ लावा.

ज्या पडद्यावर डॉक्टर येतो, त्यावर चोरही येतो

पोरं बाहेरगावी असतात आणि आई-वडिलांना कॉम्प्युटर लावून देतात. नेमकी अशीच एकटी माणसं ‘डिजिटल अरेस्ट’वाल्यांच्या तावडीत सापडतात. पडद्यावर खाकी कपड्यातला माणूस दिसतो, मागे पोलीस ठाण्यासारखी भिंत असते. तुमच्या नावाने आलेल्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, आधारवर खोटं खातं निघालं, असं तो सांगतो. कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कुणाला सांगायचं नाही, अशी तंबी देतो आणि तपासणीच्या नावाखाली पैसे मागतो.

आपल्या कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकारच नाही. पंतप्रधानांनीही ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये याबद्दल सावध केलं होतं. पोलीस, सीबीआय किंवा न्यायाधीश व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत आणि पैसेही मागत नाहीत.

कॉम्प्युटर लावून देणाऱ्याने घरातल्या मोठ्यांना एवढं पक्कं सांगून ठेवावं :

– अनोळखी नंबरचा व्हिडिओ कॉल उचलायचा नाही.
– ‘कुणाला सांगू नका’ असं कुणी म्हटलं की कॉल तिथेच तोडायचा आणि पोराला किंवा शेजाऱ्याला फोन करायचा. कॉल तोडल्याने काही गुन्हा होत नाही.
– कुणाच्या सांगण्यावरून एनीडेस्क, टीमव्ह्यूअर असलं ॲप टाकायचं नाही, पडदा शेअर करायचा नाही. ही ॲप वाईट नाहीत, पण ती टाकली की समोरचा आपला कॉम्प्युटर चालवू शकतो.
– ओटीपी आणि पिन कुणालाच द्यायचा नाही. ई-संजीवनीचा ओटीपी साइटवर स्वतः टाकायचा असतो, डॉक्टर तो मागत नाहीत.
– काम झालं की यूएसबी कॅमेऱ्याची वायर काढून ठेवायची.

पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० वर फोन करा, पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येतात. बँकेला कळवा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या. १९३० हा नंबर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून कॉम्प्युटरच्या पडद्याच्या कडेलाच चिकटवून ठेवा.