पुण्यातून तपासलेली हिरवट रेषा

थंडीच्या दिवसांत रात्री नऊच्या सुमारास आम्ही सानपाड्यातील गच्चीवर उभे राहतो, तेव्हा महामार्गाच्या दिव्यांच्या झगमगाटातही मृग नक्षत्र ओळखू येते. साध्या द्विनेत्रीतून त्यातील अभ्रिकेचा फिकट डाग दिसतो. या डागाच्या प्रकाशात १८९१ साली पुण्यातील एका प्राध्यापकाने एका मोठ्या वादाचे उत्तर शोधले.

वाद बिंबाभ्रिकांपासून सुरू झाला. दुर्बिणीतून ग्रहाच्या बिंबासारखी दिसते ती बिंबाभ्रिका. ग्रहांशी तिचा काही संबंध नाही. १८६४ साली विल्यम हगिन्स यांनी कालेय तारकासमूहातील अशा एका अभ्रिकेचा वर्णपट पाहिला. ताऱ्यासारखा अखंड पट्टा न दिसता मोजक्या तेजस्वी रेषा दिसल्या. अर्थात तो विरळ वायू होता. पण त्यातील सर्वांत ठळक हिरवट रेषा कोणत्या मूलद्रव्याची? मृगातील अभ्रिकेतही तीच रेषा होती. नॉर्मन लॉकयर यांच्या मते ती मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड होती आणि अभ्रिका म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे. हगिन्स यांना हे मान्य नव्हते.

पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभारणाऱ्या कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी मृगातील अभ्रिकेची ही रेषा तपासली. पट्ट्याची कड असती, तर ती एका बाजूस पुसट होत गेली असती. त्यांना ती रेखीवच दिसली. लॉकयर यांचे नाव मोठे होते, तरी नायगमवालांनी दिसले तेच प्रसिद्ध केले.

मग या रेषेसाठी ‘नेब्युलियम’ नावाचे मूलद्रव्य कल्पिले गेले. १९२७ साली आयरा बोवेन यांनी उलगडा केला : दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची ही रेषा अतिविरळ वायूतच ठळक उमटते.

मृगातील अभ्रिकेत तारे जन्मतात. बिंबाभ्रिका ही ताऱ्याची अखेर. सूर्यासारखा तारा म्हातारपणी फुगून तांबडा राक्षसी तारा होतो आणि बाहेरचे थर टाकून देतो. उघडा पडलेला तप्त गाभा आपल्या अतिनील किरणांनी तो वायू उजळतो. काही हजार वर्षांत वायू विरून जातो. श्वेत बटू तेवढा उरतो. सूर्याची ही अवस्था अजून काही अब्ज वर्षे दूर आहे.

पुण्याची वेधशाळा १९१२ साली बंद झाली आणि तिची उपकरणे कोडाईकनालला गेली. आवर्तसारणी शिकवताना ‘नेब्युलियम तीत का नाही?’ हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा. उत्तर शोधता शोधता विद्यार्थी पुण्यापर्यंत पोचतील.