अंगणवाडी सेविका : पुरस्कार आणि मानधन

अंगणवाडी सेविकांच्या उल्लेखनीय कार्याची दखल घेण्यासाठी केंद्र सरकारने २०००-०१ पासून राष्ट्रीय पुरस्कार सुरू केला. रोख रक्कम आणि प्रशस्तिपत्र असे त्याचे स्वरूप ठरले.

अंगणवाडीची मूळ संकल्पना ताराबाई मोडक यांची. त्यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र स्थापन केले. मुले शाळेत येत नाहीत, हे दिसताच शाळाच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळाही निघाली. या कार्यात अनुताई वाघ अखेरपर्यंत त्यांच्यासोबत होत्या. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण, तर अनुताईंना १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली. बालकांची वजने घेणे, पूरक आहार, लसीकरणास साहाय्य, पूर्वप्राथमिक शिक्षण, गर्भवती व स्तनदा मातांच्या गृहभेटी आणि या सर्वांच्या नोंदी. एवढा भार सेविकेवर असतो. तरीही शासनदरबारी ती 'मानसेवी'च. तिला मिळते ते वेतन नव्हे, मानधन. गौरव समारंभातील शालीने ही उणीव झाकली जात नाही.

गुजरातमधील सेविकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी निर्णय दिला. हे काम अर्धवेळ असल्याचा युक्तिवाद न्यायालयाने अमान्य केला. १९७२ च्या कायद्यानुसार सेविका व मदतनीस ग्रॅच्युइटीस पात्र असून त्यासाठी मानधन हे वेतनच होय, असे न्यायालयाने स्पष्ट केले.