संप्रेरक उपचार आणि श्रेयाचा प्रश्न : कोलकाता १९७८ ते मुंबई १९९७

प्रस्तावना :
अपत्यप्राप्तीसाठी त्र्यंबकेश्वरी नारायण-नागबली करण्याची परंपरा नाशिक परिसराला परिचित आहे. याच इच्छेला विसाव्या शतकात वैद्यकशास्त्राने संप्रेरकांच्या रूपाने उत्तर दिले. प्रस्तुत लेखात या उपचाराच्या भारतीय इतिहासातील श्रेयाच्या प्रश्नाचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी :
रजोनिवृत्तीनंतर अंडाशयाचे कार्य मंदावते, त्यामुळे पीयूषिका ग्रंथी अधिक गोनॅडोट्रॉपिन स्रवते व ते मूत्रावाटे बाहेर पडते. इटलीतील पिएरो डोनिनी यांनी अशा मूत्रातून ते वेगळे केले. इस्रायलमध्ये ब्रुनो लुनेनफेल्ड यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी त्याच्या साहाय्याने गर्भधारणा घडवून आणली.

कोलकात्यातील प्रयोग :
इंग्लंडमध्ये २५ जुलै १९७८ रोजी जन्मलेल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीसाठी एडवर्ड्स व स्टेप्टो यांनी नैसर्गिक मासिक चक्रातील एकच स्त्रीबीज वापरले होते. संप्रेरकशास्त्राचे अभ्यासक डॉ. सुभाष मुखर्जी यांनी मात्र गोनॅडोट्रॉपिन देऊन अनेक स्त्रीबीजे मिळवली, भ्रूण गोठवला आणि पुढील चक्रात गर्भाशयात सोडला. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी कन्या जन्मली. राज्य शासनाच्या चौकशी समितीने हा दावा अमान्य केला. परदेशी परिषदेत संशोधन मांडण्याची परवानगीही मुखर्जींना नाकारण्यात आली. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली.

मुंबईची भूमिका :
६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात हर्षाचा जन्म झाला. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या इन्स्टिट्यूट फॉर रिसर्च इन रिप्रॉडक्शनचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या या यशास देशातील पहिले म्हणून मान्यता मिळाली. पुढे आनंद कुमार यांनी मुखर्जींची टिपणे तपासली आणि १९९७ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात पहिलेपणाचा मान मुखर्जींना दिला. स्वतःच्या नावावरील श्रेय पुराव्यापुढे सोडण्याचे असे उदाहरण विरळाच.

निष्कर्ष :
संप्रेरकांद्वारे अनेक स्त्रीबीजे मिळवणे व गोठवलेला भ्रूण वापरणे या दोन्ही पद्धती आज नित्याच्या झाल्या आहेत. मुखर्जींचे संशोधन नोंदीच्या दृष्टीने अपुरे होते, हे मान्य करावे लागते. तथापि ते मांडण्याची संधीच नाकारली गेली, हेही तितकेच खरे. हर्षाच्या जन्माची शास्त्रीय नोंद निर्विवाद असल्याने मुंबईचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. अपुऱ्या पुराव्याची शहानिशा करणे आणि संशोधकाला गप्प करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या इतिहासातून स्पष्ट होते.