बारा रुपयांची मागणी

१८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये मुक्ता नावाच्या एका मुलीचा निबंध छापून आला. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा. वय १४ वर्षे, शाळेत जाऊन जेमतेम ३ वर्षे झालेली. ती शिकली पुण्यात, जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत. त्या शाळांपाशी पैशाची सदाचीच ओढाताण. तरीही तिथून लिहिती मुलगी बाहेर पडली.

हा अनुभव गाठीशी असलेल्या जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगाला निवेदन दिले. रयतेचा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर उधळला जातो, ही त्यातली तक्रार सर्वांना ठाऊक आहे. पण प्राथमिक शिक्षक कसा असावा, हेही त्यांनी सांगितले. तो शेतकरी-कष्टकऱ्यांतला हवा. प्रसंगी नांगराची मूठ धरणारा, लोकांत मोकळेपणाने मिसळणारा, त्यांच्या गरजा ओळखणारा. त्याला शिकवण्याचे शिक्षण द्यावे. आणि पगार १२ रुपयांहून कमी नको; मोठ्या गावात १५ ते २०.

जोतीरावांच्या डोळ्यांपुढे खेडी होती. मला हे निवेदन आठवते ते मुंबईमुळे.

मुंबई महापालिकेच्या शाळा आठ भाषांतून चालतात. माध्यम कोणतेही असो, एक दृश्य सारखेच. तिसरी-चौथीतले मूल फळ्यावरचा मजकूर सुबक उतरवून घेते आणि ‘वाच पाहू’ म्हटले की मान खाली घालते. धडे पुढे सरकत राहतात, मूल मागेच राहते. माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांच्या ‘प्रथम’ संस्थेने १९९८ च्या सुमारास अशा मुलांसाठी पालिकेच्या शाळांत बालसखी नेमल्या. बालसखी म्हणजे वस्तीतलीच, शाळा पुरी केलेली तरुणी. तिला कोणी ताई म्हणेल, कोणी बाजी. दोन आठवड्यांचे प्रशिक्षण घ्यायचे आणि १५-२० कच्च्या मुलांना घेऊन रोज दोन तास बसायचे. खोली रिकामी असेल तर खोलीत, नाहीतर व्हरांड्यात. इयत्ता बाजूला ठेवून, जिथे गाडी अडली तिथून सुरुवात करायची. मला यातले हेच सर्वांत मोलाचे वाटते. जोडाक्षरापाशी अडखळणाऱ्या पोराला पुढची कविता पाठ करायला लावण्यात काय हशील? (हे मी कवी असून म्हणतो आहे!)

२००१ ते २००३ या काळात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई आणि वडोदऱ्यात या उपक्रमाची कसून पाहणी केली. अगदी तळाच्या मुलांना सर्वाधिक फायदा झाला होता. गणितात जास्त, भाषेत त्याहून कमी. वर्ग सुटल्यावर वर्षभरात त्यातला बराचसा ओसरलाही. उपाय स्वस्त, म्हणून त्याचे फार कौतुक झाले.

हे ‘स्वस्त’ मला टोचते. बालसखीला महिना ५०० ते ७५० रुपये मिळत. म्हणजे शिक्षक लोकांतला हवा, ही जोतीरावांची अर्धी मागणी आपण मानली. पगाराची उरलेली अर्धी खुशाल गिळून टाकली. बालसखी सरासरी वर्षभर टिकायची. लग्न ठरले किंवा दुसरी नोकरी मिळाली की निघाली. मग वस्तीतली दुसरी मुलगी शोधायची, आणि पुन्हा तेच दोन आठवडे.