मोर्शी बेटावर होती तेव्हा

महाशिवरात्रीची गर्दी आहे. अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शीपासून सालबर्डीपर्यंत संत्र्याचे बगीचे, आंबिया बहाराचा घमघमाट, समोर सातपुडा. पोरं नदीच्या पाण्यात उतरलीत, बायाबापे गुहेतल्या छोट्या महादेवाच्या वाटेला लागलेत. तुम्ही जरा बाजूला व्हा. आपल्याला पावणेसात कोटी वर्षे मागे जायचं आहे.

आधी भोंगे बंद पडतात. मग सातपुडाच जागेवरून नाहीसा होतो. वाळूखडकाच्या बुटक्या टेकड्या तेवढ्या उरतात, मधून उथळ ओढे, कुठे आटत आलेली डबकी. भर दुपार आहे आणि तुमची सावली दक्षिणेकडे पडली आहे. दिशा चुकलेली नाही. मोर्शीच विषुववृत्ताच्या खाली, दक्षिण गोलार्धात आहे. हातातलं घड्याळही काढून ठेवा, इथला दिवस साडेतेवीस तासांचा.

तुम्ही उभे आहात तो भारताचा भूखंड एक बेट आहे. मादागास्करपासून सुटलेलं, आशियाला अजून न लागलेलं, वर्षाला वीतभरही नाही इतक्या चालीनं उत्तरेकडे सरकणारं. उत्तरेला टेथिस समुद्र. भूमध्य समुद्र हा त्याचाच उरलासुरला वारसा मानतात. तिथल्या सँटोरिनी बेटाचे फोटो पाठवणाऱ्या तुमच्या भाच्याला हे ऐकवायला हरकत नाही.

पायाखाली बघून चाला. सैल वाळूमातीत गोल अंडी पुरलेली आहेत, मोठ्या मोसंब्याहून मोठी, सुमारे पंधरा सेंटीमीटरची. कवच हाताला खरखरीत लागतं. घालणारी टायटॅनोसॉर जातीची मादी, लांब मानेची, चार पायांची, झाडपाला खाणारी. असंच एक घरटं सालबर्डी परिसरातल्या लॅमेटा नावाच्या खडकांच्या थरात दगड होऊन सापडलं आहे. आई जवळपास नाही. अंडी पुरून ती निघून गेली असावी. सापांवर मात्र नजर ठेवा. गुजरातेत याच काळातला साडेतीन मीटरचा साप अशाच अंड्याभोवती वेटोळं घातलेल्या अवस्थेत मिळाला. तुरळक गवतही दिसेल. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला सापडलेल्या दगडी विष्ठेत गवताचे सूक्ष्म कण निघाले, 2005 मध्ये ते जाहीर झालं. तोवर डायनासोर गवत खात होते यावर कुणाचा विश्वास नव्हता.

आता दहा-पंधरा लाख वर्षे पुढे सरका, आणि जरा लांब उभे राहा.

इटलीतल्या स्ट्रॉम्बोली ज्वालामुखीसारखा टोकदार डोंगर शोधू नका. इथे जमीनच लांबलचक भेगांनी उकलते आणि लाव्हा उतू जाऊन पसरतो. पुढची कड काळी, सुरकुतलेली. तिला फट पडली की आतला लालभडक रस बाहेर येतो, लगेच काळवंडतो, मागून दाब आला की सगळा थर फुगून वर उचलला जातो. माणूस चालत पुढे निघून जाईल इतकी त्याची गती, पण तो थांबत नाही. वासानं घसा धरतो. मग शेकडो, हजारो वर्षे काहीच नाही. लाव्ह्यावर माती धरते, झाडं उगवतात, आणि पुढचा लोंढा ती भाजून काढतो. घाटात दगडाच्या दोन थरांमधला तांबडा पट्टा दिसतो तो बहुधा अशीच माती.

सँटोरिनीचा साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा स्फोट भयंकर होता. त्यात एक अख्खं नगर राखेखाली गेलं. पण त्याचा माल काही डझन घन किलोमीटर. आपल्याकडचा लाखो घन किलोमीटर. आज त्याखाली सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश आहे. देखणेपणात ते बेट पुढे, हे मान्य.

परत आजच्या सालबर्डीत या, तिथल्या गरम झऱ्याच्या कुंडात हात घाला. पाणी कोमट-गरम लागेल, आणि शेजारचा कुणी सांगेल की खाली ज्वालामुखी जिता आहे. तसं काही नाही, भाऊ. सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीत मोठ्या भेगा आहेत. पावसाचं पाणी त्यांतून खोल जातं, तिथल्या उष्णतेनं तापतं आणि वर येतं. लाव्हा कधीच थंड झाला. त्याची झीज होऊन काळी माती झाली, तिच्यात संत्रा लागला. मातीखाली मुरूम, त्याखाली न झिजलेला काळा पत्थर. विहिरीचं काम तिथं अडतं, मग सुरुंगवाला येतो आणि आधी भाव ठरवून घेतो.