तबकडीतले पाठभेद

पाठभेद हा शब्द आपल्याला पोथ्यांमुळे ठाऊक आहे. ज्ञानेश्वरीच्या नकला होत गेल्या, नकलणाऱ्यांच्या हातून फरक पडत गेले, म्हणून एकनाथांनी १५८४ मध्ये तिचा पाठ शुद्ध करून घेतला. कवितेचेही तसेच असते. माझ्याच कितीतरी कविता दिवाळी अंकात एक आहेत, संग्रहात दुसऱ्या आहेत, आणि मैफलीत म्हणताना तिसऱ्याच होतात. कोणती खरी, असे कुणी विचारले तर मी म्हणतो, तारीख बघा.

ग्रामोफोनच्या तबकडीबद्दल मात्र आपण असा विचार करत नाही. आवाज एकदा पकडला गेला, तो तबकडीवर उमटला, आता हजार प्रती काढा की लाख, सगळ्या सारख्याच, असे आपण धरून चालतो. वस्तुस्थिती तशी नाही. तबकडीलाही आवृत्त्या असतात, पाठभेद असतात, आणि ते ओळखण्याचे एक शास्त्रही आहे. त्यासाठी मी उदाहरण घेणार आहे ते इंग्लंडच्या बीटल्सचे, कारण त्यांच्या रेकॉर्डचा अभ्यास जेवढा बारकाईने झाला आहे तेवढा क्वचितच दुसऱ्या कुणाच्या रेकॉर्डचा झाला असेल.

आधी रेकॉर्ड तयार कशी होते ते थोडक्यात पाहू. स्टुडिओत गायन आणि वाद्ये टेपच्या वेगवेगळ्या पट्ट्यांवर मुद्रित होतात. मग ती एकत्र करायची. कुठला आवाज पुढे, कुठला मागे, कुठे प्रतिध्वनी द्यायचा, गाणे कुठे विरवत न्यायचे, हे सारे त्या वेळी ठरते. याला मिक्सिंग म्हणतात. स्वयंपाकात जिन्नस तेच असले तरी हात बदलला की चव बदलते, तसेच हे आहे. मिक्स झालेल्या टेपवरून लाखेचा थर दिलेल्या एका चकतीवर खाच कोरली जाते. त्या चकतीवरून धातूचे साचे निघतात आणि साच्यांवरून व्हिनाइलच्या प्रती. म्हणजे गाणे आणि ऐकणारा यांच्या मध्ये तीन-चार पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीवर फरक पडू शकतो.

१९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये यात आणखी एक भर पडली होती. बहुतेक घरांत एकाच स्पीकरचा, म्हणजे मोनो ग्रामोफोन असे. दोन स्पीकरचा स्टिरिओ ही हौशी आणि सधन माणसांची चीज होती. त्यामुळे कंपनी एकाच लाँग प्ले रेकॉर्डच्या दोन आवृत्त्या काढी, आणि त्या दोन्हींचे मिक्सिंग स्वतंत्रपणे होई. गायक, वादक आणि निर्माते जॉर्ज मार्टिन यांचे सारे लक्ष मोनोवर असे. स्टिरिओ हे मागाहून उरकायचे काम होते.

१९६७ ची ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ ही जगप्रसिद्ध रेकॉर्ड घ्या. नोव्हेंबर १९६६ ते एप्रिल १९६७ असे तिचे काम चालले. मोनो मिक्सिंगच्या वेळी चौघे बीटल्स स्वतः हजर असत, सूचना करत. स्टिरिओचे मिक्सिंग तंत्रज्ञांनी थोड्या दिवसांत, बहुतांशी त्यांच्या गैरहजेरीत संपवले. परिणाम काय झाला? ‘शीज लीव्हिंग होम’ हे घर सोडून जाणाऱ्या मुलीचे गाणे मोनोत अधिक जलद आणि चढ्या सुरात आहे. स्टिरिओत तेच संथ होते आणि थोडे रडवे वाटते. ‘लूसी इन द स्काय विथ डायमंड्स’मध्ये आवाजाला दिलेली घुमटी मोनोत जास्त ठळक आहे. शेवटाकडे शीर्षकगीत पुन्हा येते, तिथे मोनोत पॉल मॅकार्टनीचे ओरडणे स्पष्ट कानावर येते. स्टिरिओत ते जवळजवळ बुडून गेले आहे.

पुण्यात एका परिचितांकडे या दोन्ही तबकड्या आहेत. त्यांनी एका दुपारी दोन्ही मला पाठोपाठ ऐकवल्या. मी संगीतातला जाणकार नव्हे, पण ओळीतला एक शब्द बदलला की कविता कशी हलते ते मला कळते. तो हलण्याचा अनुभव मला तिथे आला.

आता प्रश्न असा की समोरची प्रत कधीची, हे ओळखायचे कसे? वेष्टणावरचे साल पाहून भागत नाही, कारण वीस वर्षांनी छापलेल्या प्रतीवरही मूळ सालच असते. पहिली खूण म्हणजे मधले लेबल. बीटल्सची पहिली एलपी ‘प्लीज प्लीज मी’ २२ मार्च १९६३ रोजी निघाली. तिच्या आरंभीच्या प्रतींवर पार्लोफोन कंपनीचे काळे लेबल आणि सोनेरी अक्षरे आहेत. लवकरच कंपनीने लेबलची मांडणी बदलली आणि नाव पिवळ्या रंगात आले. आणखी बारीक खूण म्हणजे, अगदी आधीच्या प्रतींवर त्यांच्या स्वतःच्या गाण्यांचे प्रकाशक म्हणून डिक जेम्स यांच्या कंपनीचे नाव आहे, नंतरच्या प्रतींवर नॉर्दर्न साँग्जचे. सोनेरी अक्षरांची स्टिरिओ प्रत तर फारच दुर्मीळ. कारण साधे आहे. त्या वेळी स्टिरिओ घेणारेच थोडे होते. लेबलवर किमतीच्या अटींविषयीची एक ओळही छापलेली असे. ती १९६४ मध्ये आली आणि १९६९ मध्ये गेली. तेवढ्यावरूनही प्रतीचा काळ पुष्कळसा ठरतो.

दुसरी खूण लेबलच्या भोवतालच्या गुळगुळीत पट्ट्यात असते. तबकडी उजेडात तिरकी धरली की तिथे आकडे दिसतात. खालच्या बाजूला मॅट्रिक्स क्रमांक असतो आणि त्याच्यापुढे एक, दोन, तीन असा आकडा. ती खाच कितव्यांदा कोरली, ते त्यावरून कळते. डावीकडच्या आकड्यावरून धातूच्या मूळ प्रतीचा क्रम समजतो. उजवीकडे मात्र आकडा नसतो, अक्षरे असतात. ही कंपनीची सांकेतिक लिपी. ‘ग्रामोफोन लिमिटेड’ या नावातून दहा इंग्रजी अक्षरे घेतली होती : जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी, डी. जी म्हणजे एक, आर म्हणजे दोन, असे करत टी म्हणजे नऊ आणि डी म्हणजे शून्य. ‘जीडी’ असे दिसले की समजायचे, हा दहावा साचा. साचा काहीशे प्रतींनंतर झिजतो, म्हणून आकडा जितका लहान तितकी प्रत आधीची.

ही खूण किती मोलाची आहे ते ‘रिव्हॉल्व्हर’च्या गोष्टीवरून कळेल. जुलै १९६६ मध्ये या रेकॉर्डचे काम संपत आले होते. ‘टुमॉरो नेव्हर नोज’ या शेवटच्या गाण्याची अनेक मिक्स झाली होती आणि त्यांतले अकरावे पसंत ठरले होते. अगदी अखेरच्या घटकेला जॉर्ज मार्टिन यांचे मन बदलले. अकरावे नको, आठवे घ्या, असे त्यांनी फोनवरून कळवले. तोवर अकराव्या मिक्सची खाच कोरली गेली होती आणि काही प्रती निघालेल्या होत्या. त्या प्रती बाजारात गेल्या. त्यांच्या दुसऱ्या बाजूवर ‘एक्सईएक्स ६०६-१’ असा क्रमांक आहे. वेष्टण तेच, लेबल तेच. पण गाण्यातले चमत्कारिक आवाज वेगळ्या जोराने येतात आणि शेवट किंचित उशिरा विरतो. एका माणसाने रद्द केलेला खर्डा असा योगायोगाने वाचला आणि एका आकड्यामुळे ओळखता आला.

पुढे काळ बदलला. घरोघरी दोन स्पीकर आले. १९६८ ची पांढऱ्या वेष्टणातली जोडरेकॉर्ड ही स्वतंत्र मोनो मिक्स असलेली बीटल्सची शेवटची एलपी. १९८७ मध्ये ‘सार्जंट पेपर’ सीडीवर आली ती स्टिरिओत. मोनो आवृत्ती हळूहळू दुकानांतून गेली आणि लोकांच्या कानांतूनही गेली. दोन पिढ्यांनी जे ‘सार्जंट पेपर’ मूळ म्हणून ऐकले, ते त्याच्या कर्त्यांनी बसून घडवलेले नव्हतेच. २००९ मध्ये मोनो रेकॉर्डचा संच सीडीवर निघाला, २०१४ मध्ये तो पुन्हा तबकड्यांवर आला. २०१७ मध्ये जॉर्ज मार्टिन यांचे चिरंजीव जाइल्स मार्टिन यांनी ‘सार्जंट पेपर’चे नवे स्टिरिओ मिक्स केले, तेव्हा त्यांनी मोनोलाच प्रमाण मानले. त्यात घर सोडणारी ती मुलगी पुन्हा मूळच्या चालीने चालू लागली. मधल्या चाळीस वर्षांत जुन्या मोनो तबकड्या कुणी कपाटात जपून ठेवल्या नसत्या, तर हा फरक श्रोत्यांच्या ध्यानातही राहिला नसता.

या जपण्याला बाजाराची बाजूही आहे. पांढऱ्या वेष्टणाच्या त्या जोडरेकॉर्डवर क्रमांक छापलेले होते. त्यांतला पहिला क्रमांक रिंगो स्टारकडे होता. डिसेंबर २०१५ मध्ये तो लिलावात ७,९०,००० डॉलरना गेला. त्या तबकडीत शेजारच्या क्रमांकापेक्षा वेगळे काही ऐकू येते, असे कुणीही म्हणणार नाही. किंमत आकड्याची होती. मला मोल वाटते ते ‘६०६-१’चे, कारण तिथे आकड्याच्या मागे एक वेगळे गाणे आहे.

आणि मूळ प्रत सगळेच सांगते, असेही नाही. ‘सार्जंट पेपर’वर जॉर्ज हॅरिसनचे ‘विदिन यू विदाउट यू’ हे गाणे आहे. त्यात दिलरुबा, तंबोरा, तबला वाजवणारे चार वादक लंडनमधले भारतीय होते. १९६७ च्या वेष्टणावर त्यांची नावे नाहीत. ती उजेडात आली पन्नास वर्षांनी, २०१७ च्या सुमारास. जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन मुंबईत आला आणि एचएमव्हीच्या स्टुडिओत त्याने ‘वंडरवॉल’ चित्रपटाचे संगीत मुद्रित केले. हरिप्रसाद चौरसिया आणि शिवकुमार शर्मा त्या कामात होते. त्याच मुक्कामात ‘द इनर लाइट’चे वाद्यसंगीत झाले आणि ते गाणे मार्च १९६८ मध्ये ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूला आले. तबकडीच्या लेबलवर एकाही भारतीय वादकाचे नाव नाही. पहिली प्रत आवाजाची साक्ष देते. माणसांची साक्ष इतर कागदांतून आणि आठवणींतून काढावी लागते. इतिहासाला दोन्ही हवेत.

हीच ग्रामोफोन कंपनी आपल्याकडेही होती. दमदमच्या कारखान्यात बीटल्सच्या तबकड्या निघाल्या आणि आपल्या नाट्यपदांच्या, भावगीतांच्या, सिनेमाच्या गाण्यांच्याही. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण सव्वातीन मिनिटे मावत. त्यामुळे पडद्यावरच्या गाण्यातले एखादे कडवे तबकडीवर यायचेच नाही, तर कधी गाणे दोन बाजूंवर तोडून घालावे लागे. पुढे कॅसेट आली, सीडी आली, प्रत्येक वेळी काही गळले, काही बदलले. आपल्या गाण्यांचे हे पाठभेद अजून पुरेसे नोंदलेले नाहीत. ज्यांच्या माळ्यावर, ट्रंकेत अशा तबकड्या पडून असतील, त्यांनी त्या भंगारवाल्याच्या तराजूत टाकण्यापूर्वी एकदा उजेडात तिरक्या धरून पाहाव्यात. लेबलच्या कडेचे आकडे वहीत उतरवून ठेवावेत, आणि शक्य असेल तर ऐकावे. आपल्याला तोंडपाठ असलेल्या गाण्याचे न ऐकलेले कडवे तिथे असू शकते.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)