आधी वस्ती, मग पदपथ?

नव्या गृहप्रकल्पांकडे जाणाऱ्या रस्त्यांचा विषय निघाला की अभियंते, बांधकाम व्यावसायिक आणि सोसायटीचे पदाधिकारी एकच मत मांडतात: आधी लोक राहायला येऊ देत, वर्दळ वाढू दे, मग पदपथाचे पाहू. आज तिथे चालतो कोण? शिवाय खर्च बिल्डरवर टाकला तर घर महागणार, आणि महापालिकेकडे पैसा नाही. हे मत मला साफ चुकीचे वाटते.

चालतो कोण, ते आधी पाहू. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. उंड्री, पिसोळी, सूस, वाघोली अशा भागांत नुकताच ताबा मिळालेल्या इमारतीसमोर सकाळी सातला उभे राहावे. मोटारी बाहेर पडण्याआधी धुणीभांडी करणाऱ्या बायका, रात्रपाळी संपलेले वॉचमन, शेजारच्या साइटवरचे मजूर, पीएमपीचा थांबा गाठणारी कॉलेजची मुले पायीच जाताना दिसतात. त्याच रस्त्यावर डंपर आणि काँक्रीट मिक्सरही धावत असतात. पदपथाची खरी निकड असते ती याच वर्षांत.

‘मग पाहू’ यातली मोठी चूक मात्र पातळीची आहे. इमारतीचे जोते आणि आवाराची भरणी ठरते तेव्हा रस्त्याच्या कर्बची उंची कोणी लेखी दिलेली नसते. पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून बिल्डर आवार उंच घेतो आणि फाटकाचा रॅम्प कुंपणाबाहेर, सार्वजनिक जागेत उतरवतो. पुढच्या प्रकल्पाची भरणी आणखी वेगळी. मध्ये कुठे महावितरणचा डीपी बसतो, कुठे चेंबरचे झाकण वर येते. पाच-सात वर्षांनी महापालिका पेव्हर ब्लॉक घेऊन येते तेव्हा दर वीस-तीस पावलांवर एक चढ आणि एक उतार तयार असतो. इंडियन रोड्स काँग्रेसची २०१२ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की चालण्याची जागा किमान १.८ मीटर रुंद असावी आणि कर्ब १५० मिलिमीटरहून उंच नसावा. रॅम्प एकदा बाहेर आले की हे माप पाळायचे तर ते फोडावे लागतात, आणि राहत्या सोसायटीचा रॅम्प फोडायला सहसा कोणी धजत नाही.

रस्ताच अरुंद आहे, ही तक्रारही नेहमीची. लेआऊटमधला नऊ मीटरचा रस्ता घ्या. दोन्ही बाजूंना १.८ मीटर सोडले तरी ५.४ मीटर उरतात. समोरासमोरच्या दोन मोटारी सावकाश निघून जातात. तिथे बसत नाही ती कडेला उभी केलेली मोटार, आणि त्यासाठी प्रकल्पाच्या आत पार्किंग मंजूर झालेले असते.

आता पैसा. भूखंडाची दर्शनी बाजू ५० मीटर असेल तर १.८ मीटर रुंदीचा पदपथ ९० चौरस मीटरचा होतो. म्हणजे साधारण एका टूबीएचकेएवढी फरशी. शंभर फ्लॅटच्या इमारतीत हा बोजा वाटला तर घर महागते, असे हिशेब मांडून कोणी दाखवावे. शिवाय १९९२ च्या दुरुस्तीपासून प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली बांधकाम परवानगीबरोबर विकास शुल्क घेतले जाते. ते सार्वजनिक सुविधांसाठी असते आणि त्या कायद्याच्या सुविधांच्या व्याख्येत रस्ते येतात. महापालिका अधिनियमातल्या रस्त्याच्या व्याख्येत तर पायवाटही येते. तेव्हा डांबराला पैसा आहे आणि पदपथाला नाही, हा वाटपाचा निर्णय झाला. त्याला तुटवडा म्हणता येत नाही.

रेरा कायदा इथे नीट वाचण्यासारखा आहे. प्रकल्पाच्या अंतर्गत विकासकामांच्या व्याख्येत रस्त्यांबरोबर पदपथांचे नाव आहे. बाह्य विकासकामांच्या व्याख्येत रस्ते आहेत, पदपथाचा उल्लेख नाही. फाटकाच्या आत सकाळी फिरायला फरसबंद वाट मिळते, फाटकाबाहेर मातीची कड. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळा नसलेल्या पदपथाचा हक्क घटनेच्या कलम २१ मध्ये धरला. तो फाटकापाशी संपत नाही.

खर्च प्रकल्पाने उचलावा, हे मला मान्यच आहे. बांधकाम मात्र त्याच्यावर सोपवू नये. प्रत्येकाने आपापल्या भूखंडापुरता तुकडा केला की रंग, उंची, उतार सगळेच वेगळे होते. मंजूर नकाशावर कर्बची पातळी लिहून द्यावी, रक्कम स्वतंत्र शीर्षाखाली जमा करून घ्यावी आणि चौकापासून चौकापर्यंत काम महापालिकेने एका दमात करावे. मधल्या मोकळ्या जमिनीपुढचा खर्च विकास शुल्कातून घालून, तो मालक परवानगीला आला की वसूल करावा. आणि रॅम्प कुंपणाबाहेर आलेला असेल, तर भोगवटापत्र देऊ नये.